नागडं, उघडं, विवस्त्र, दिगंबर: ड्रॅगनच्या पुस्तकांतली शरीरं

अंगावर कपडे नसण्याला मराठीत एक शब्द पुरत नाही. ओढ्यात डुंबणारं पोर नागडं असतं. शेतात कुदळ मारणारा गडी उघडा असतो. भरसभेत द्रौपदीला विवस्त्र करायला निघाले होते आणि श्रवणबेळगोळचा बाहुबली दिगंबर आहे. कातडी मोजायला बसलं तर या चौघांत फारसा फरक निघणार नाही. फरक असतो तो कपडे कोणी उतरवले, कोणासाठी उतरवले आणि ते नसल्यानं माणूस बघणाऱ्याच्या नजरेत लहान झाला की मोठा, यात. फँटसी रोलप्लेइंग खेळांच्या चित्रांवरून अमेरिकेत गेली पन्नास वर्षं एक वाद धुमसतो आहे, आणि त्या वादात नेमका हाच फरक पुन्हा पुन्हा निसटतो. एक बाजू म्हणते, उघडी शरीरं झाका म्हणजे बायकांचा आणि इतरांचा अपमान थांबेल. दुसरी म्हणते, झाकाझाकी हा सोवळेपणा आहे, कल्पनेला कुंपण घालू नका. दोघांच्याही हातात मोजपट्टी एकच, कातडीची. माझ्या मते ती मोजपट्टीच चुकीची आहे. नग्नता आणि सर्वसमावेशकता या खेळात एकमेकींच्या वैरिणी नाहीत. पुस्तकभर कोणाला कोणतं शरीर आणि कोणतं काम वाटून दिलं आहे, हा खरा प्रश्न आहे.

चित्रांचं या खेळात एवढं काय अडलं आहे, हे ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांना सांगायला हवं. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, आणि टीएसआर ही गायगॅक्सची छोटी कंपनी. खेळ मुळात बोलण्याचा. एक जण डन्जन मास्टर होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं काय करतो ते सांगतात, अडलं की फासे टाकतात. ना पडदा, ना नेपथ्य. डोळ्यांना जे मिळतं ते नियमपुस्तकातल्या चित्रांतून. नवा खेळाडू पुस्तक चाळताना मनात एकच गोष्ट विचारत असतो: यात मी कोण होऊ? कादंबरीच्या मुखपृष्ठावरची बाई गोष्टीतली कोणीतरी असते. इथल्या चित्रातली बाई ही खेळणाऱ्याला दाखवलेली शक्यता असते. म्हणून ही चित्रं शोभेची नव्हेत, ती आवतणं आहेत. आणि आवतण कोणाच्या नावानं निघालं, हे ज्याच्या नावानं निघालं नाही त्याला सर्वांत आधी कळतं.

या चित्रांचं कुळ खेळापेक्षा जुनं आहे. 1930 च्या दशकात ‘वियर्ड टेल्स’ या स्वस्त कागदावरच्या मासिकात रॉबर्ट हॉवर्डचा कोनान हा रानटी योद्धा जन्मला आणि त्याच मासिकाच्या मुखपृष्ठांवर मार्गारेट ब्रंडेजनं पेस्टलमध्ये नग्न, भेदरलेल्या तरुणी रंगवल्या. 1966 साली कोनानच्या गोष्टी स्वस्त पुस्तकांत पुन्हा निघाल्या तेव्हा फ्रँक फ्राझेटानं ‘कोनान द ॲडव्हेंचरर’साठी केलेलं चित्र पुढच्या साऱ्या फँटसी चित्रकलेचं बारसं ठरलं. मढ्यांच्या ढिगावर कोनान उभा आहे, हात तलवारीच्या मुठीवर, आणि पायाशी एक बाई त्याच्या मांडीला बिलगून पडलेली. ‘पुरुषही उघडेच काढलेले असतात की!’ हा आक्षेप नेहमी येतो, त्याचं उत्तर याच चित्रात आहे. दोघांच्याही अंगावर जेमतेम कपडे आहेत. पण त्याचा उघडेपणा त्याच्या ताकदीची साक्ष देतो, कुदळ मारणाऱ्या गड्यासारखा. तिचा उघडेपणा तिला जिंकलेल्या मालाच्या रांगेत बसवतो. फ्राझेटा थोर चित्रकार होता, याबद्दल मला शंका नाही. त्याची रेषा, त्याचा अंधार यांना तोड नाही. मात्र त्याच्या मागून आलेल्यांनी अंधार थोडा उचलला आणि मांडीला बिलगलेली बाई भरपूर उचलली. 1973 साली मार्व्हलच्या कॉमिकमध्ये रेड सोन्या अवतरली. थोड्याच काळात एस्तेबान मारोतोनं तिला धातूच्या चकत्यांची बिकिनी चढवली, आणि लढवय्यी बाई म्हटलं की हाच पोशाख, असा जणू गणवेश ठरून गेला.

टीएसआरनं हे सगळं वारशानं घेतलं. 1974 च्या पहिल्या पुस्तिकेत एक सुंदर चेटकीण आणि एक ॲमेझॉन रेखाटलेल्या आहेत. 1976 च्या ‘एल्ड्रिच विझार्ड्री’ या पुरवणीच्या मुखपृष्ठावर बळीच्या वेदीवर नग्न बाई आहे. 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये सक्युबस, हार्पी आणि सहा हातांची, कमरेखाली सर्प असलेली ‘टाइप फाइव्ह’ राक्षसी अशा उघड्या छातीच्या आकृती आहेत. 1979 च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’च्या मुखपृष्ठावर एका प्रचंड इफ्रीताच्या, म्हणजे आगीच्या जिनाच्या, मुठीत तोकड्या कपड्यांतली तरुणी. प्रत्येक चित्र सुटं पाहिलं तर कदाचित काहीच वाटणार नाही. पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली की वाटणी दिसते: उघडी बाई एक तर बळी आहे, नाही तर राक्षसी. सारा स्टँग आणि ॲरन ट्रॅमेल या अभ्यासकांनी 2020 साली याच राक्षससूचींची तपासणी केली. त्यांचं म्हणणं असं, की स्त्रीचं शरीर इथे भीतीची वस्तू म्हणून नोंदलं जातं आणि मग आकडे लावून ठार मारायला खेळाडूच्या पुढ्यात येतं. नियमांचा सूरही निराळा नव्हता. ‘द ड्रॅगन’ मासिकात 1976 साली लेन लकॉफ्कानं स्त्री पात्रांसाठी नियम सुचवले, त्यांत करिष्म्याच्या जागी ‘सौंदर्य’ हा गुण आला. 1978 च्या नियमपुस्तकानं मानवी स्त्रीच्या ताकदीला पुरुषापेक्षा खालची कमाल मर्यादा घालून दिली. चित्रं आणि आकडे एकाच तोंडानं बोलत होते. आकडे पुढच्या आवृत्तीत खोडता आले. चित्रांनी लावलेली सवय खोडायला फार वेळ लागला.

इथे एक वजनदार आक्षेप आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. यातली कितीतरी चित्रं बायकांनीच काढलेली आहेत. ब्रंडेज बाई होती. ‘एल्ड्रिच विझार्ड्री’चं मुखपृष्ठ डेबोरा लार्सनचं. आणि या इतिहासातलं सर्वांत गाजलेलं चित्र लॉरा रॉसलॉफचं. 1981 साली जीन वेल्सनं ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’ ही साहसपुस्तिका लिहिली. वेल्स ही टीएसआरच्या खेळरचना विभागातली पहिली बाई. वर्षभरापूर्वीच तिनं किम मोहनबरोबर ‘ड्रॅगन’ मासिकात स्त्री खेळाडूंना बरोबरी का मिळत नाही यावर लेख लिहिला होता. तिच्या पुस्तिकेत डेकापस नावाचा दहा हातांचा प्राणी आहे. तो छताला लटकून एक आभास उभा करतो: केसांनी टांगलेली तरुणी आणि तिला छळणारी कुरूप माणसांची टोळी. शूर वीर तिला सोडवायला धावतात आणि अलगद डेकापसच्या तावडीत सापडतात. रॉसलॉफनं तो आभासच चितारला. पुस्तिका छापून झाली, आणि कंपनीच्या वरिष्ठांनी ती पाहताच परत मागवली. बहुतेक प्रती कचऱ्यात गेल्या. टॉम मोल्डवेनं मजकूर नव्यानं लिहिला, चित्र गेलं, नारिंगी आवरणाच्या जागी हिरवं आलं. आज ती नारिंगी प्रत संग्राहक सोन्याच्या मोलानं घेतात. मला या प्रकरणात वेगळीच गोष्ट दिसते. बांधलेली बाई दिसली की नायक हुरळतो, हे वेल्सनं बरोबर ओळखलं होतं. तिच्या गोष्टीत ती बाई खरी नाहीच, ते नायकांसाठी लावलेलं आमिष आहे. फँटसी चित्रकलेवरची याहून नेमकी टीका त्या काळात मला तरी सापडत नाही. पण संदर्भाविना नुसतं चित्र पाहणाऱ्याला तेही आमिषच वाटणार, आणि कंपनीला ते तसंच वाटलं. तेव्हा चित्रकार बाई असणं ही शुद्धतेची हमी नाही, आणि चित्र उघडं असणं हा गुन्ह्याचा पुरावाही नाही. लार्सनचं चित्र वेदीवरची बाई दाखवून थांबतं. वेल्स आणि रॉसलॉफ ती बाई कोणाला हवी आहे, हेही दाखवतात.

टीएसआरनं यातून घेतलेला धडा मात्र झाकाझाकीचा होता. 1980 च्या दशकात अमेरिकेत सैतानपूजेची हाकाटी उठली. पॅट्रिशिया पुलिंग यांनी 1983 साली या खेळाविरुद्ध संघटनाच काढली. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्द गेले, पुढे त्यांच्या जागी ‘तनारी’ आणि ‘बातेझू’ अशी बनवलेली नावं आली आणि उघड्या छात्याही गेल्या. नजर तीच राहिली. क्लाइड काल्डवेलच्या तैलचित्रांत बायकांना कपडे आहेत, पण ते मांडी दाखवायलाच शिवलेले. चित्रांतल्या बायकांच्या पोट उघडं टाकणाऱ्या चिलखतावर बोट ठेवलं की काही जण म्हणतात, जिथे ड्रॅगन उडतात तिथे चिलखताच्या वास्तवाचा हट्ट कशाला? आक्षेप गमतीचा आहे, पण तो खेळाच्याच नियमांशी जुळत नाही. या खेळात चिलखताला आकडा असतो. कड्यांचं चिलखत घातलं तर वार चुकण्याची शक्यता वाढते, पत्र्याचं घातलं तर आणखी. पोट उघडं टाकणाऱ्या चिलखतालाही पुस्तक तोच आकडा देतं. म्हणजे अवास्तव आहे ते ड्रॅगनमुळे नव्हे, बाईच्या पोटापुरता नियम बाजूला ठेवल्यामुळे. उलट 2014 च्या आवृत्तीत रानटी योद्ध्याला चिलखताशिवाय लढण्याचं बळ नियमानंच दिलं आहे, पुरुषाला तसंच बाईला. तिथे उघडं अंग काढायला कोणाची हरकत असावी? ते अंग लढायला उघडं आहे.

बदल आला तो टीएसआर 1997 साली विझार्ड्स ऑफ द कोस्टनं विकत घेतल्यानंतर. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत नमुना पात्रांमध्ये एम्बर ही कृष्णवर्णी मंक, म्हणजे लढवय्यी संन्यासिनी, आली. पैझो कंपनीच्या ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळात वेन रेनॉल्ड्सनं काढलेल्या दोन बायका शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत: सीला, कृष्णवर्णी, नखशिखांत चिलखतात, आणि सिओनी, जादूगारीण, मांड्या उघड्या, अंगभर गोंदण. सिओनीवर टीका झाली आणि ती अगदीच गैरलागू नव्हती. तरी सीला शेजारी असल्यामुळे सिओनीचं उघडेपण ‘बाई म्हणजे हे’ असं सांगत नाही, ‘ही बाई अशी आहे’ एवढंच सांगतं. वाटणी बदलली की एकाच चित्राचा अर्थ बदलतो. 2014 साली पैझोनं शारद्रा ही ट्रान्स ड्वॉर्फ स्त्री नमुना पात्र म्हणून आणली. त्याच वर्षी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीनं मानववंशाचा चेहरा म्हणून कृष्णवर्णी स्त्री निवडली आणि पात्राचं लिंग दोनच चौकटींत कोंबायची गरज नाही, असं मजकुरात लिहिलं. वाट सरळ मुळीच नव्हती. मधल्या 2008 च्या चौथ्या आवृत्तीत ड्रॅगनवंशी, खवल्यांच्या स्त्रियांना स्तन दिले होते आणि त्यावर खेळाडूंनी यथेच्छ हसून घेतलं. पाल अंडी घालते, दूध पाजत नाही. पण पुस्तक चाळणाऱ्याला ‘ही बाई’ हे कळलं पाहिजे ना! याच सुमारास, 2012 साली, जिम हाइन्स या लेखकानं मुखपृष्ठांवरच्या नायिकांसारखं उभं राहून स्वतःचे फोटो काढले. छाती पुढे, नितंब मागे, मान खांद्यावरून वळलेली: या अवस्थेत कोणालाही तलवार फिरवता येत नाही, पाठ मात्र हमखास धरते. बहुतेक नायिकांच्या अंगावर कपडे होते. ओशाळवाणा होता तो पवित्रा.

कपड्यांनी मान राखला जात नाही, याचा पुरावा 2022 सालचा आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘स्पेलजॅमर’ या नव्या संचात हॅडोझी हा माकडासारखा वंश आला. एका मांत्रिकानं त्यांना गुलाम म्हणून घडवलं, असा त्यांचा इतिहास दिला होता, आणि सोबत वाद्य घेऊन नाचणाऱ्या हॅडोझीचं चित्र. एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करत, त्या खेळांच्या चित्रांशी त्याचं साम्य अनेकांनी दाखवलं. विझार्ड्सनं माफी मागितली, मजकूर आणि चित्र काढलं. हॅडोझी कपड्यांत होता. भारतीय वाचकाला यात नवल वाटू नये. 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधला राक्षस हा वाघाच्या डोक्याचा, अंगात उंची कोट घालून पाईप ओढणारा गृहस्थ आहे, आणि 1980 च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये इंद्र, विष्णू, काली यांना मरेपर्यंत किती वार लागतील याचे आकडे दिले आहेत. ज्या कालीला आपल्याकडे दिगंबरा म्हणून हात जोडतात ती इथे आणखी एक भयंकर, अनेकहाती आकृती होते. सहा हातांच्या राक्षसीकडे पाहताना आपल्या मूर्तींची आठवण येते. फक्त आपल्या मूर्तींच्या हातांत एखादा तरी वर देणारा असतो, तिचे सगळे मारायला उठलेले. याच्या उलट टोकाला 2022 चं ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ आहे. त्यात वेगवेगळ्या वंशांच्या लेखकांनी आपापल्या मुलखांवरून साहसं रचली आणि मूळच्या कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी बंगालच्या नद्यांवरून शंखभूमी नावाचा प्रदेश उभा केला. तिथली माणसं साडीत आहेत की उघडी, हा प्रश्नच मनात येत नाही, कारण ती तिथे राहतात.

‘मध्ययुगीन युरोपात काळे योद्धे कुठून आणता?’ या आक्षेपावर फार शाई खर्च करण्यासारखी नाही. ज्या जगात ड्वॉर्फ, इफ्रीत आणि वाघमुखी राक्षस एका खानावळीत जेवतात ते जग मध्ययुगीन युरोप नव्हेच. ‘हा सगळा धंदा आहे’ हा आक्षेप खरा आहे, पण अर्धवट. वेदीवरची बाईही धंद्यासाठीच काढली होती. गिऱ्हाईक बदललं म्हणून चित्र बदललं असेल, तर आधीचं चित्रही कलेच्या स्वातंत्र्यातून आलं नव्हतं, गिऱ्हाइकाच्या अंदाजातून आलं होतं, एवढं तरी त्यातून सिद्ध होतं.

सर्वांत अवघड आक्षेप स्वातंत्र्यवाल्यांचा आहे: समावेशाच्या नावाखाली शरीरच हद्दपार होत चाललं आहे. यात तथ्य आहे. मोठ्या कंपन्यांच्या अलीकडच्या पुस्तकांत सर्व वर्णांची, सर्व लिंगांची माणसं आहेत, सगळी नीटनेटकी, पट्टे-बकलं लावलेली, जणू एकाच दुकानातून बाहेर पडलेली. नग्न चित्र म्हणजे अश्लील चित्र नव्हे, हे र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ची मुखपृष्ठं ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पण या खेळात नग्नतेचा झेंडा ज्यांनी खांद्यावर घेतला त्यांनीही तिचं फारसं भलं केलं नाही. 2003 च्या ‘बुक ऑफ इरॉटिक फँटसी’नं विझार्ड्सला इतर प्रकाशकांना दिलेल्या आपल्या परवान्यात सभ्यतेची अट घालायला लावली. फिनलंडहून निघणारं ‘लॅमेंटेशन्स ऑफ द फ्लेम प्रिन्सेस’ उघडं अंग दाखवतं ते बहुधा फाडण्यासाठी. तिसरी वाट ‘रुनक्वेस्ट’ची. ग्रेग स्टॅफर्डच्या ग्लोरँथा या कांस्ययुगीन जगावर बेतलेला हा खेळ 1978 पासून चालत आला आहे, आणि त्याच्या अलीकडच्या पुस्तकांतली देवदेवतांची उघडी शरीरं प्राचीन मूर्तींच्या वळणानं येतात. तिथली पृथ्वीमाता उघडी आहे कारण ती पृथ्वी आहे. आपला दिगंबर हा शब्द तिथे सहज बसतो.

मुलांचं काय, हा प्रश्न उरतो आणि तो बहाणा नव्हे. बारा वर्षांच्या मुलांच्या हाती जाणारं पुस्तक आणि प्रौढांचं पुस्तक यांत फरक हवाच. याच खेळाच्या नियमांवर बेतलेल्या ‘बॉल्डर्स गेट 3’ या 2023 च्या संगणकीय खेळानं यावर उपाय काढला. पात्र घडवताना शरीराची ठेवण, आवाज, ओळख आणि जननेंद्रियं हे सारं वेगवेगळं निवडता येतं. एकावरून दुसरं ठरत नाही. आणि नग्नता दाखवायची की नाही, जननेंद्रियं दाखवायची की नाही, याच्या दोन स्वतंत्र कळा आहेत. नग्नता आणि समावेश एकाच पडद्यावर नांदू शकतात, याचा यापेक्षा मोठा पुरावा कशाला हवा? कागदाला मात्र कळ नसते. छापलेलं चित्र सगळ्यांसमोर एकाच वेळी उघडतं, म्हणून छापील पुस्तकात वाटणीचा विचार आधीच करावा लागतो.

त्या वाटणीत अजून मोठी भोकं आहेत. 2020 साली सारा थॉम्पसन यांनी लढाऊ चाकाच्या खुर्चीचे नियम रचले तेव्हा काहींनी नाकं मुरडली: जादूनं पाय बरे होतात तिथे खुर्ची कशाला? पुढच्याच वर्षी अधिकृत ‘कँडलकीप मिस्टरीज’मध्ये चाकाची खुर्ची जाऊ शकेल असं भुयार छापलं गेलं. वर्ण, लिंग, अपंगत्व यांचे रकाने भरण्याचं काम सुरू तरी आहे. वयाचा रकाना मात्र जवळजवळ कोराच आहे. म्हातारा पुरुष या पुस्तकांत पांढऱ्या दाढीचा, काठी टेकणारा मांत्रिक असतो, आणि सगळे त्याचा सल्ला घ्यायला येतात. म्हातारी बाई, सुरकुतलेली, ओघळलेल्या स्तनांची, वाकलेल्या पाठीची, शोधायची तर राक्षससूचीतच जावं लागतं. तिथे ती 1977 पासून आहे. तिला हॅग म्हणतात, आपल्याकडच्या हडळीची सख्खी बहीण. ती तिघींच्या टोळक्यानं राहते, मुलं पळवते, आणि तिला मारल्याबद्दल खेळाडूला गुण मिळतात.